चौथ्या मजल्यावरची राखण

ब्रिस्बेनला उन्हाळ्यात सूर्य पावणेपाचला उगवतो आणि पाखरं त्याच्याही आधी. सुरुवात कुकाबुरा करतो. हा टपोऱ्या डोक्याचा, जाड चोचीचा पक्षी गात नाही, हसतो. तेही पंगतीत दुसऱ्याचं धोतर सुटल्यावर हसावं तसं, पोट धरधरून. त्याचं आवरलं की रंगीत पोपटांची ग्रामसभा भरते. सगळे एकदम बोलतात, ऐकत कुणीच नाही. शेवटी येतात काकाटू. कोंबडीएवढे, पांढरेशुभ्र, डोक्यावर पिवळा तुरा आणि आवाज गंजलेल्या फाटकाचा. जगभरातून लोक कॅमेरे घेऊन यांना बघायला येतात. मी अकरा वर्षं इथं आहे, एकही फोटो काढलेला नाही. शिव्या मात्र भरपूर दिल्यात, त्याही माझ्या गावच्या, कळंबच्या, कारण इंग्रजीतली शिवी मला अजून मनापासून देता येत नाही.

माझा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. दोन खोल्या, एक बाल्कनी, समोर वडासारखं एक प्रचंड झाड आणि त्या झाडावर ही सगळी वस्ती, भाडं न देता. मी जवळच्या एका वृद्धाश्रमात नर्स आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या आईबापांना वेळेवर गोळ्या देते, त्यांच्या त्याच त्या गोष्टी रोज नव्यानं ऐकते आणि जेवणाच्या सुट्टीत कळंबला फोन लावून स्वतःच्या बापाला विचारते, "चहा घेतला का?" आई गेल्यापासून आण्णा तिथं एकटेच होते. त्यांनी चार रिंगांत फोन उचलला नाही की मी लगेच पुन्हा लावायची. एकदा त्यांनी तासभर उचलला नाही. मी इकडं रडून, नाक पुसून, तिकिटं बघायला लागले होते. मग त्यांचाच फोन आला. आठ दिवसांनी नळ आला होता आणि ते पाणी भरत होते, एवढंच. त्या दिवशी मी ठरवलं, यांना इथं आणायचं आणि परत पाठवायचं नाही. त्यांना अर्थातच असं सांगितलं नाही. "दोन महिने या, हवापालट होईल," म्हटलं. व्हिसा वर्षाचा काढला, परतीचं तिकीट नोव्हेंबरचं.

आण्णा सप्टेंबरात आले. तिकडं पितृपक्ष चालू होता, इकडं वसंत ऋतू. विमानतळावर सगळे प्रवासी बाहेर आले, आण्णा येईनात. पाऊण तासानं आले ते तोंड कडू करून. ते एसटीत कंडक्टर होते, तीस वर्षं दुसऱ्यांचं खोटं पकडण्यात गेली, त्यामुळे स्वतः खोटं बोलायची सवयच राहिलेली नाही. सामान तपासणाऱ्या पोरीनं "बी-बियाणं काही?" असं विचारल्याचं त्यांना हातवाऱ्यांवरून कळलं, तर यांनी आपण होऊन पिशवी उघडून दाखवली. माझ्यासाठी दोन किलो ज्वारी आणली होती, हुरड्याची, गुळभेंडी. वर ओंजळभर काढून तिच्या नाकापुढं धरली, वास घे म्हणून. बाहेरचं बी इथं आत येऊ देत नाहीत. तिनं हातमोजे घातले, पिशवी चिमटीत धरली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"हातमोजे घालून धरली गं," आण्णा गाडीत बसल्यावर म्हणाले. "जसं काय इंचूच हाय पिशवीत."

पहिले पंधरा दिवस मी त्यांना सगळं दाखवलं. नदी, पूल, समुद्र. समुद्र बघून म्हणाले, "पाणी लई हाय, पर काय उपेग." कचऱ्याच्या डब्यात चोच घालणारा, लांब मानेचा पांढरा पक्षी बघून म्हणाले, "एवढी लांब मान देवानं दिली ती खरकटं काढाय." नंतर माझी सुट्टी संपली. मी कामावर जायची आणि आण्णा बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचे. संध्याकाळी आले की त्याच खुर्चीत. काय केलं दिवसभर, तर "पाखरं बगितली." रोज एकदा विचारायचे, नोव्हेंबरला किती दिवस राहिले. मी त्यांना कळंबचा उन्हाळा, तिथलं पाणी, त्यांचं बीपी, इथले डॉक्टर असं सगळं ऐकवायची. ते ऐकायचे आणि म्हणायचे, "व्हय. मंग किती दिस ऱ्हायले?"

मग ऑक्टोबरात आम्ही किराणा आणायला गेलो. मी डाळ बघत होते, आण्णा दिसेनात. शोधलं तर कुत्र्या-मांजरांच्या खाण्यापाशी एक पाच किलोची पिशवी छातीशी धरून उभे. पिशवीवर पोपटाचं चित्र. पारदर्शक खिडकीतून आत सूर्यफुलाच्या बिया, बाजरी आणि तांबडे तांबडे गोल दाणे.

"ज्वारी हाय ही," आण्णा म्हणाले.

"आण्णा, पाखरांचं खाणं आहे ते."

"तेच म्हणायलोय म्या. माझी ज्वारी डब्यात टाकली आन् हितं पाखरांना पोत्यानं घालायलेत!" दुकानातल्या दोन बायका वळून बघायला लागल्या. आण्णांचा आवाज म्हणजे वाशी-कळंब गाडीत शेवटच्या सीटवरच्या माणसाला पुढं बोलावणारा आवाज. तो परदेशात येऊन लहान झाला नव्हता.

पिशवी घरी आली. आण्णांनी परातीत दाणे निवडले, बाजरी बाजूला, सूर्यफूल बाजूला, ज्वारी ओल्या फडक्यात. चौथ्या दिवशी मोड आले. मासळीच्या दुकानातून थर्माकोलची चार खोकी आणली, त्यांना खाली भोकं पाडली, मातीची पोती मी चौथ्या मजल्यावर चढवली कारण लिफ्टमध्ये माती नेऊ नये असा नियम आहे. आण्णांनी स्वयंपाकाच्या चमच्यानं पेरणी केली. हात धुतले आणि म्हणाले, "आता हिचा हुरडा खाऊनच जाईन. तिकीट फुडं ढकल."

माझ्या मनात काय उकळ्या फुटल्या म्हणून सांगू! मी त्याच मिनिटाला तिकीट जानेवारीअखेर नेलं. डॉक्टर, बीपी, स्वच्छ हवा, सगळं फुकट गेलं होतं आणि पोपटाच्या पिशवीनं काम केलं. तेव्हापासून त्या ज्वारीवर माझा आण्णांपेक्षा जास्त जीव. कामावरून आले की आधी बाल्कनी, मग चप्पल.

आण्णांचं आणि ज्वारीचं नातं मला माहीत होतं. आमच्याकडं रान नव्हतं. आण्णा आठ वर्षांचे असताना एका बड्या शेतकऱ्याच्या ज्वारीची राखण करायला लागले. चार लाकडं रोवून बांधलेल्या माळ्यावर दिवसभर उभं राहायचं, गोफण फिरवायची, आरोळ्या ठोकायच्या. सुगीत मालक माणसं घेऊन हुरड्याला यायचा. आगटी पेटायची, वास माळ्यापर्यंत यायचा आणि राखणदारानं मालक उठेपर्यंत खाली उतरायचं नाही. मग जे उरेल ते. पुढं शाळा झाली, एसटी लागली, कळंबला दोन खोल्यांचं घर झालं, पण रान काही झालं नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं स्वतःची म्हणावी अशी पहिली ज्वारी पेरली ती ऑस्ट्रेलियात, मासळीच्या खोक्यात. एकदा मला म्हणाले होते, "तू बी राखणदारच की. दुसऱ्याच्या रानातली." माझ्या नोकरीबद्दल होतं ते. मला राग आला होता.

ज्वारी वाढली, पण कमरेएवढीच. आपल्याकडं शाळू माणूस गडप करतो, ही इथली खुजी जात. आण्णांना वाटलं, खताची कमी. मी इंटरनेटवर बघून सांगितलं की यंत्रानं कापायला सोपी जावी म्हणून एवढीच ठेवतात. "म्हंजे यंत्राच्या मापानं माणसानं वाढायचं," ते म्हणाले आणि रोज पाणी घालताना तिला "बुटकाबाई" म्हणायला लागले. नोव्हेंबरात गारा पडल्या. इथं पाऊस पडत नाही, अंगावर धावून येतो. दुपारी तीनला आभाळ हिरवट झालं आणि लिंबाएवढ्या गारा. आम्ही बापलेक दोन छत्र्या घेऊन चार खोक्यांवर ओणवे. माझ्या पाठीवर चार-पाच बसल्या, आण्णांच्या कानाला एक. खालच्या मजल्यावरचे लोक आपापल्या गाड्यांसाठी हळहळत होते. आमची बुटकाबाई सुखरूप होती आणि आम्ही दोघं बर्फ चोळत खिदळत होतो. आई गेल्यापासून आण्णांना मी तसं हसताना पाहिलं नव्हतं.

डिसेंबरात कणसं बाहेर पडली. मोजून एकवीस. येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षाच्या अमावस्येला आमच्याकडं सगळं गाव रानात जाऊन जेवतं, तेव्हा आण्णांनी डाळी-भाज्यांची घट्ट भज्जी करायला लावली आणि ताकातली आंबील केली. देवाधर्माशी त्यांचा फारसा संबंध नाही. सोनारीला भैरवनाथाच्या दर्शनाला गेलो होतो तेव्हा माकडानं आईच्या हातातला नारळ पळवला, तर हे आईला म्हणाले, "त्याला भूक तरी हाय, आत देव नुसता बसलाय." पण येळवसेला आंबील शिंपडली पाहिजे म्हणजे पाहिजे. चारी खोक्यांभोवती फिरून शिंपडली. त्यातली थोडी तिसऱ्या मजल्यावर गेली.

तिसऱ्या मजल्यावर, बरोबर आमच्या खाली, एक ऐंशीच्या घरातली गोरी बाई एकटी राहते. तिचा एकच उद्योग, पाखरांना दाणे घालणे. तीच पिशवी, पोपटाचं चित्र असलेली. रोज सकाळी बाल्कनीत येऊन पाखरांना लाडानं हाका मारते आणि झाडावरची अख्खी पंगत तिच्या कठड्यावर. इथवर आमचं काही म्हणणं नव्हतं. पण आमची कणसं बाहेर पडल्यावर ती मंडळी खाली जेवून वर पान खायला यायला लागली.

आण्णांनी आधी आवाज वापरला. "हाऽऽऽ हाड्! चला! सरका! फुडं सरका!" पावणेपाच वाजता, शांत वस्तीत, एसटीचा आवाज. पोपट उडाले, पण काकाटूंनी तुरे उभारून मान वाकडी केली आणि ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यातला एक आण्णांसारखाच ओरडला. मग आण्णांनी माझ्या पायजम्याच्या दोन नाड्या आणि जुन्या चपलेचा चामड्याचा तुकडा घेऊन गोफण केली. मी कामावरून येईपर्यंत कुंडीच्या मातीच्या गोळ्या वळून, वाळवून, ओळीनं मांडून ठेवलेल्या.

"आण्णा, हे इथं चालायचं नाही."

"म्या मारत न्हाय कुणाला. नुसता आवाज व्हतो. पाखराला आवाज पुरतो."

पाखराला पुरला असेल. पहिली गोळी झाडाच्या फांदीवर आपटून फुटली आणि तिचा अर्धा भाग उलटून खालच्या बाईच्या चहाच्या कपात पडला. बाई ढेकूळ कागदी रुमालात गुंडाळून पुरावा म्हणून वर आल्या. मी दहा वेळा माफी मागितली. आण्णांनी त्यांना खुर्ची दिली, नवा चहा करून दिला, आलं घालून, आणि मराठीत समजावून सांगितलं की चूक तुमची आहे, तुम्ही पाखरांना बसल्या जागी खायची सवय लावली. बाईंनी चहा संपवला, छान आहे म्हणाल्या आणि खाली जाऊन इमारतीच्या कमिटीला तक्रार लिहिली.

कमिटीचं पत्र आलं. बाल्कनीतून वस्तू फेकणे, पहाटे आरडाओरडा आणि द्रवपदार्थ शिंपडणे ताबडतोब बंद करावे, नाहीतर भाडेकरार वाढवण्याचा फेरविचार होईल. मी आण्णांना वाचून दाखवलं. "द्रवपदार्थ म्हंजे काय?" मी म्हटलं, आंबील. "बाई सादी हाय, पर कान लई तिखट," एवढंच बोलून त्यांनी गोफण गुंडाळून बॅगेत ठेवली.

मग मी जाळी आणली. आण्णांनी ती बाल्कनीला वरपासून खालपर्यंत लावली आणि माझ्या जुन्या ओढणीच्या चिंध्या काढून जागोजाग बांधली. त्यांची एक गाठ आहे, माळ्यावरची. वाऱ्यावादळानं सुटत नाही, पण योग्य टोक धरून एकदा ओढलं की सरळ मोकळी. मला शिकवली. मला तीन दिवस लागले, ते म्हणाले, "नर्स कशी झालीस तू?"

आता आण्णा पहाटे पाचला खाली फिरायला जायला लागले. जाळी होती, राखणीची काळजी नव्हती. आणि संक्रांत आली. आपल्याकडं या दिवसांत थंडीत हुरडा, इथं घामात, पण महिना तोच. आण्णांनी एक दाणा नखानं दाबून बघितला, दूध आलं. "चार दिस," ते म्हणाले. "रविवारी खाऊ." आणि त्याच दमात, "सोमवारी बॅग भराय घिऊ."

शनिवारची पहाट. आण्णा खाली गेले. मी बाल्कनीत उभी होते. खरं सांगते, मी काही ठरवून उठले नव्हते. एवढंच डोक्यात आलं की हुरडा झाला तर आण्णा गेले. नाही झाला तर? हाताशी बियांची अर्धी पिशवी होती. पुन्हा पेरतील. पुन्हा तीन-चार महिने. त्यांना मी ओळखते, हरून जाणारा माणूस नाही तो. हुरडा न खाता जाणार नाही म्हणाले होते ना?

मी गाठी सोडल्या. सगळ्या नाही, डाव्या बाजूच्या चार. योग्य टोक धरून. मग काचेचं दार लावून आत चहा घेऊन बसले.

काकाटू यायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मला वाटलं होतं खातील. खाल्लं असतं तर इतकं वाईट वाटलं नसतं. ते कणीस मोडायचे, एका पायात धरून दोन दाणे चाखायचे आणि उरलेलं खाली टाकून दुसरं मोडायचे. लग्नात ताटं भरून घेऊन टाकून देणारी माणसं असतात, तशी ही जात. सहावं कणीस खाली पडलं. मला उठून दार उघडायचं होतं. मी उठले नाही. आठ वर्षांचा एक मुलगा माळ्यावर उभा राहून दुसऱ्याच्या आगटीचा वास घेतोय, हे मला माहीत होतं, मला लहानपणापासून माहीत होतं, आणि मी चहा पीत होते. माझी मलाच किळस आली. तेव्हा कुठं उठून मी दार सरकवलं, पाखरं उडाली, मी आत पळाले आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

बाहेर आले तेव्हा आण्णा बाल्कनीत उकिडवे बसले होते. तीन कणसं उरली होती. त्यांनी आरडाओरडा केला नाही. खाली पडलेली मोडकी कणसं गोळा केली. लोंबकळणारी चिंधी हातात घेऊन बघितली, बोटांतून सरकवली, सोडून दिली. मग तिन्ही कणसं कापली आणि स्वयंपाकघरात गेले. "रविवारची वाट कशाला बगायची," म्हणाले. "ये."

गॅसवर त्यांनी कणसं भाजायला धरली. वास सुटला. तोच तो वास, आणि पाठोपाठ धूर, आणि त्याच्या पाठोपाठ छतावरचा धुराचा अलार्म. त्याच्यापुढं काकाटू म्हणजे भजनीमंडळ. मी खुर्चीवर चढले आणि टॉवेल घेऊन त्याला वारा घालायला लागले. आण्णा मात्र सावकाश कणसं फिरवत होते.

"गाठ तू सोडलीस," ते म्हणाले. अलार्मच्या वरून, तरी आवाज न चढवता.

मी टॉवेल हलवत राहिले.

"पाखरानं चिंधी फाडली असती. सुटली न्हाय ती. सोडलीय."

"व्हय," मी म्हटलं.

"कशापायी?"

आणि मी काय सांगावं? खुर्चीवर उभी राहून, टॉवेल फडकवत, मी म्हटलं, "कळंबला मार्चपासून ऊन तापतं. तुमचं बीपी वर जातं. तिथं आठवड्याला पाणी येतं. इथं दवाखाना पाच मिनिटांवर..."

"म्या हे इचारलं न्हाय."

अलार्म थांबला. एकदम इतकी शांतता झाली की खालच्या बाईंच्या कठड्यावरचे पोपट ऐकू आले.

"म्या ल्हान असताना माळ्यावर झोपलोय कवा कवा," आण्णा म्हणाले. "मालकाचा मार खाल्ला. पर आपल्या हातानं पाखरू पिकात घातलं न्हाय. तुला मला ठिवून घ्यायचं व्हतं. तर तसं म्हणायचं. तोंड हाय का न्हाय तुला? पाखरांच्या हाती निरोप धाडतीस!"

मी तोंड उघडलं. सांगायचं ते अगदी ओठांवर होतं. आणि मी म्हटलं, "तिकीट अजून बदलता येतं. आज शनिवार असला तरी."

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. मग कणीस तळहातांत धरून चोळलं, फुंकर मारून भुसा उडवला, आणि गरम दाणे माझ्या हातावर ओतले. "खा. गुळभेंडीची सर न्हाय," म्हणाले. त्यांनी स्वतःही खाल्ले. तीन कणसांचा हुरडा दोन माणसांना किती पुरणार? तीन घास झाले असतील. त्यांनी तळहात चाटला, मग पाणी प्यायले.

ठरल्या दिवशी आण्णा गेले. जाण्यापूर्वी ज्वारीची ताटं मुळाशी न उपटता वीतभर ठेवून कापली. "खोडवा यील," म्हणाले. "पाणी घाल. दाणा भरला तर सांग." विमानतळावर मी पुन्हा एकदा तोंड उघडलं आणि त्यांना पाण्याची बाटली जवळ ठेवायला सांगितलं.

खोडवा आला. कापलेल्या बुडख्यातून हिरवे फुटवे आले. मी जाळी नीट बांधली, त्यांच्याच गाठी, रोज कामावर जाताना ओढून बघायची. खालच्या बाईंनी एकदा लिफ्टमध्ये विचारलं, ते ओरडणारे गृहस्थ कुठं गेले, सकाळ फार मोकळी वाटते. मी म्हटलं, मलाही. कणसं बाहेर पडली, पण तोवर पंधरा दिवस झड लागली, आणि नंतर एकाएकी सकाळी गारवा. दाणे भरलेच नाहीत. वरून कणीस, आत नुसता भुसा.

मे महिना आहे. तिकडं कळंबला पत्रे तापलेत, इकडं मी मोजे घालून बाल्कनीत उभी असते. काल सुट्टी होती, तरी वेळेवर फोन केला. चार रिंगा, पाच रिंगा. मग आण्णा.

"नळ आला व्हता. बोल. खोडव्याला दाणा भरला का?"

भरलाय म्हटलं असतं तर आले असते. व्हिसा सप्टेंबरपर्यंत आहे. हुरडा तयार आहे, या, एवढंच म्हणायचं होतं. आल्यावर बघून घेतलं असतं काय सांगायचं ते. चिंधीचं टोक माझ्या हातात होतं आणि समोर झाडावर काकाटू माना वाकड्या करून बसले होते.

"न्हाय भरला, आण्णा," मी म्हटलं. "पोचट हाय समदं. हितं खायाला काय बी न्हाय. तरी या. मला तुमच्याबिगर करमत न्हाय."

पलीकडं पंखा फिरताना ऐकू येत होता. नळाखालची बादली भरून वाहायला लागली होती, तीही ऐकू येत होती. आण्णा कधी पाणी वाया जाऊ देत नाहीत.

"थंडी हाय का आता तिकडं?"

"हाय. लई हाय."

"बरं," आण्णा म्हणाले. "मंग आज सुटर धुऊन वाळत घालतो."